चांगलं चालणारं फॅक्टरी बॅरल: हात लावावा का?

नवापल्ला
मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय, तो इथे सोडतो.

माझ्याकडे .२२ एलआरची (छोट्या काडतुसाची) बोल्ट अॅक्शन रायफल आहे. जाड बॅरल (नळी), २४ इंच, कारखान्यातून आलं तसंच. ५० मीटरवर रेस्टवरून (टेकूवरून) पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत सरासरी १४ मिमी बसतो. कधी १०, कधी १८. म्हणजे रायफलीबद्दल तक्रार नाही. पण रेंजवरचे दोघं-तिघं मागे लागलेत: "एवढी चांगली आहे, तर थोडं काम करून घे, मग बघ."

थोडं काम म्हणजे असं: बॅरल कापून २० इंचांवर आणायचं, तोंडाला ११ अंशांचा नवा क्राउन (तोंडाचा काठ), उरलेल्या अंगावर फ्लूट (बाहेरून लांबट खाचा), आणि जमल्यास आतून लॅपिंग (घासून गुळगुळीत करणं). तर्क असा की .२२ ची दारू सोळा-सतरा इंचांतच जळून जाते, पुढची नळी नुसतं ओझं. शिवाय आखूड नळी जास्त कडक, आणि कडक म्हणजे अचूक.

काम करणारा परवानाधारक गनस्मिथ आहे. किमान लांबी, परवान्यातली नोंद वगैरे मी आधीच तपासलंय, त्यामुळे कृपया धागा तिकडे नेऊ नका. प्रश्न एवढाच की हातात पडणार काय?

वाचनमात्र
वाखु (वाचनखूण) साठवली. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतोय.

शांतश्वास
बॅरलकडे नंतर येऊ, आधी टारगेटचा हिशोब करा.

५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टारगेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. गोळीच्या भोकाची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात, आणि गोळी ५.६ मिमी जाड. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमी सरकला तरी दहाच. तुमचा १४ मिमीचा ग्रुप मधोमध बसवलात तर पाचही दहा. रायफल आजच तेवढं देतेय.

दशांशात मोजायचं असेल तर एक दशांश म्हणजे ०.८ मिमी, तिथे मिलिमीटरची किंमत आहे हे मान्य. पण एक सांगा, रेस्ट काढून, झोपून, स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) लावून ग्रुप किती येतो?

नवापल्ला
@शांतश्वास, खरं सांगायचं तर २८ च्या आसपास. चांगल्या दिवशी २५.

शांतश्वास
झालं तर मग.

बदलहौशी
ताई, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. "आधी नेमबाज सुधारा" म्हणत बसलं तर कुणी कधीच रायफलीला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम सुधारायला काय हरकत आहे? बॅरल दोन पैशांनी सुधारलं तर ते दोन पैसे झोपूनही मिळतात, उभं राहूनही मिळतात.

दशांश
@बदलहौशी, तेवढेच नाही मिळत. रायफलीची चूक आणि माणसाची चूक सरळ बेरजेने जोडल्या जात नाहीत, वर्गांच्या बेरजेने जोडल्या जातात. धागाकर्त्याचे आकडे घ्या: एकूण २८, त्यात रायफलीचे (आणि गोळीचे) १४. उरतात साधारण २४, ते माणसाचे. आता समजा गनस्मिथने जादू केली आणि रायफल वीस टक्के सुधारली, १४ चे ११ झाले. झोपून ग्रुप किती होईल? साडेसव्वीसच्या थोडा वर. दीड मिमीसुद्धा कमी होत नाही. उलट माणूस वीस टक्के सुधारला, २४ चे १९ झाले, तर ग्रुप २४ वर येतो. दोन्हीकडे सुधारणा वीस टक्केच.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धागाकर्ता म्हणतो "कधी १०, कधी १८". हा रायफलीचा लहरीपणा नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा स्वभावच तसा आहे. काहीही न बदलता, वारा नसताना, त्याच रायफलीतून त्याच गोळ्या झाडल्या तरी एकेक ग्रुप सरासरीच्या पाव हिस्सा इकडेतिकडे होणार. तीन गोळ्यांचे ग्रुप तर आणखी फसवे. १४ ची रायफल तीन गोळ्यांत सरासरी ११ दाखवते आणि दहा गोळ्यांत साडेसतरा. लोक काम करण्याआधी पाचांचे ग्रुप मारतात, काम झाल्यावर उत्साहात तीनांचे, आणि येऊन सांगतात की "बघा, ११ वर आली."

दहा टक्क्यांची सुधारणा खरी आहे की नशीब, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायचं तर काम करण्याआधी पाचाचे साठेक ग्रुप लागतात आणि नंतर तेवढेच. म्हणजे दोन्ही वेळा तीनशे-तीनशे गोळ्या, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या). इतकं कुणीही करत नाही. म्हणून प्रत्येक बदलाने प्रत्येकाची रायफल सुधारलेली असते.

वाचनमात्र
शेवटचं वाक्य :-)

कातारी
माझा हात रोज लेथवर असतो, तेव्हा धातूच्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

कापण्यापासून सुरू करू. .२२ च्या बऱ्याच चांगल्या बॅरलांना तोंडाशी चोक असतो, म्हणजे शेवटच्या भागात आतला व्यास किंचित आवळलेला असतो. फरक मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपासचा, डोळ्याला दिसत नाही. पण मऊ शिशाची गोळी बाहेर पडताना घट्ट धरलेली असते. कधी कारखाना हे मुद्दाम करतो, कधी नशिबाने झालेलं असतं. चार इंच कापले की चोक भंगारात, आणि नवं तोंड जिथे येईल तिथे नळी सैल आहे की घट्ट हे कुणी बघितलेलं नसतं.

हे बघता येतं, आणि कापण्याआधी बघायलाच हवं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा. नळी स्वच्छ करून तेलाचा हलका हात द्या. शुद्ध शिशाची, नळीत घट्ट बसेल अशी गोळी चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूने घालून जाड रॉडने हळूहळू पुढे सरकवा. रॉड हातात असताना नळी बोलते. सुरुवातीला गोळी रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) शिरताना जोर लागतो, मग एकसारखी घसरत जाते. कुठे अचानक मोकळी झाली तर तिथे सैल जागा आहे. शेवटच्या इंच-दोन इंचांत पुन्हा जोर वाढला तर चोक आहे. असं बॅरल कापायला माझ्याकडे आणलंत तर मी परत पाठवीन.

आता फ्लूट. बहुतेक फॅक्टरी बॅरलांचं रायफलिंग बटन (कडक धातूचा साचा) आतून ओढून किंवा थंड हातोडकाम करून बनवतात. दोन्हीत धातू कापला जात नाही, दाबून सरकवला जातो, त्यामुळे आत ताण कोंडलेला राहतो. चांगले कारखाने भट्टीत तो उतरवतात, पण किती उतरलाय हे बाहेरून कळत नाही. अशा नळीची वरची कातडी काढली की ताणाचा तोल जातो आणि आतला व्यास तिथे किंचित उघडतो. फ्लूट सहा आहेत, एकाचा कट जरा खोल गेला, तर नळी एका बाजूने मोकळी होते आणि तापली की त्या बाजूला चालायला लागते. रायफलिंग कापून केलेलं असेल (एकेका खाचेतून थोडं थोडं धातू काढत जाणारी जुनी पद्धत) तर हा धोका बराच कमी. पण तशी बॅरलं बहुतांश कस्टमवाल्यांकडची असतात, कारखान्याची क्वचितच.

तोंडाला आटे पाडण्याचंही तेच. सगळ्यात नाजूक जागी धातू पातळ करायचा, आणि बॅरलचं भोक बाहेरच्या अंगाशी समकेंद्री असतंच असं नाही. बाहेरून सेंटर धरून आटे पाडले की ते भोकाशी तिरके.

लॅपिंगबद्दल थोडक्यात. हातानं लॅपिंग करणारे नावाजलेले बॅरलवाले ते लांब तुकड्यावर करतात आणि नंतर दोन्ही टोकं कापून टाकतात, कारण लॅप टोकाशी आतबाहेर करताना तोंड घंटेसारखं उघडतं. तयार रायफलीत टोक कापायची सोय नसते. चांगल्या चाललेल्या .२२ ला लॅपिंग म्हणजे नसता उपद्व्याप.

नवापल्ला
@कातारी, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पण क्राउनबद्दल काहीच लिहिलं नाहीत. आणि कडकपणाचा मुद्दा तरी खरा ना? २४ चे २० केले तर नळी किती कडक होईल?

दशांश
कडकपणाचं मी सांगतो. एका टोकाला धरलेल्या दांड्याचा वाक लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो. २४ ला २० ने भागा आणि घन करा, १.७३ येतात. म्हणजे जाडी तीच धरली तर नळी सत्तर टक्क्यांहून जास्त कडक. आकडा भारी आहे यात शंका नाही.

पण वाकणं म्हणजे चूक नाही. दर वेळी सारखीच वाकत असेल तर गोळी दर वेळी त्याच जागी जाते. चूक होते ती गोळीगणिक वेगळं वागण्याने, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा वेगातल्या फरकाचा. .२२ ची टारगेट गोळी साधारण ३२५ मी/से ने निघते. एखादी १० मी/से ने मंद निघाली तर ५० मीटरवर ती सात-आठ मिमी खाली लागते. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने, बॅरल कितीही कडक असो.

इथे एक गंमत आहे. नळीचं तोंड गोळी सुटते त्या क्षणी वर उचललं जात असेल, तर मंद गोळी उशिरा बाहेर पडते, म्हणजे जरा वरच्या कोनात. वरचा कोन आणि जास्तीची घसरण एकमेकांना थोडंफार खाऊन टाकतात. ली-एनफिल्ड नंबर ४ लांबच्या पल्ल्यावर, ९००-१००० यार्डांना, अपेक्षेपेक्षा चांगली चालायची त्याचं कारण हेच सांगतात. तुमची २४ इंची नळी ५० मीटरवर नकळत असंच काही करत असेल, तर चार इंच कापून तुम्ही ते मोडणार. करत नसेल तर कदाचित जमूनही येईल. पण ती सोडत झाली.

कातारी
क्राउन. नळीचा शेवटचा काठ, जिथे गोळी सुटते तो. गोळीचा बूड बाहेर पडताना मागचा वायू चहूबाजूंनी एकदम सुटायला हवा. एका बाजूला बर (धातूचा बारीक कंगोरा) असेल किंवा काठ खरचटला असेल तर तिथून वायू आधी किंवा उशिरा सुटतो आणि गोळीच्या बुडाला बाजूने धक्का देतो. ११ अंश, ४५ अंश, आत बुडवलेला सपाट, कोनाने फारसा फरक पडत नाही. काठ भोकाशी काटकोनात, सगळीकडे सारखा आणि धारदार असला की झालं. ११ अंशांचं एवढं प्रस्थ कसं माजलं देव जाणे.

तुमचा क्राउन चांगला आहे का हे घरी बघता येतं. इथेही आधी रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. गोळ्या झाडून आल्यावर तोंड पुसायच्या आधी भिंगातून बघा. काठाभोवती काजळी आणि वंगणाची चांदणी उमटलेली असते, दर खाचेसमोर एक पाकळी. पाकळ्या सारख्या लांबीच्या असतील तर वायू सारखा सुटतोय. एखादी तुटलेली किंवा दुप्पट लांब असेल तर तिथे काहीतरी आहे. मग कान साफ करायची कापसाची काडी तोंडात अर्धा इंच घालून, काठाला दाबून, आतून बाहेर ओढा, प्रत्येक खाचेत. बर असेल तर कापसाचा तंतू अडकून राहतो.

चांदणी सारखी आणि कापूस स्वच्छ, तर नवा क्राउन करून पैसे मला मिळतील, तुम्हाला काही नाही.

कोपरा
क्राउनच्या बाजूने बोलायला एक उदाहरण. माझी रायफल जुनी घेतलेली. आधीच्या मालकाकडे तिचं तोंड कशावर तरी आपटलं होतं, सहाच्या काट्यावर काठाला चपटा डाग. ग्रुप वर-खाली आडवेतिडवे, आणि एखादी गोळी नेहमी वेगळीच. गनस्मिथने नळी लेथच्या फोर-जॉ चकात धरली, भोकातल्या पिनवर डायल लावून सेंटर केली आणि जेमतेम ३ मिमी घेऊन नवा काठ काढला. ती वेगळी पडणारी गोळी कायमची गेली.

पण तिथे आजार होता. धागाकर्त्याच्या रायफलीला आजार कुठला आहे?

बदलहौशी
कोपरा यांचा अनुभव वाचलात ना? काम करून फायदा होतो, एवढंच माझं म्हणणं.

कोपरा
@बदलहौशी, अहो, मोडलेलं दुरुस्त केलं मी. तुम्ही न मोडलेलं दुरुस्त करायला सांगताय.

शांतश्वास
मला वाटतं आधी जे बदल परत फिरवता येतात ते संपवावेत. त्यांतले बरेच फुकट आहेत.

गोळ्यांचे लॉट. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या खोक्यातसुद्धा लॉट बदलला की ग्रुप बदलतो. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज उगाच कारखान्यांच्या टेस्ट रेंजवर जाऊन, नळी शिकंज्यात बांधून लॉट निवडत नाहीत. एलि, लापुआ या कंपन्यांनी त्यासाठी खास केंद्रं ठेवली आहेत. वर १० मी/से चा हिशोब आला, त्याचं औषध इथेच आहे.

मग स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू. लाकडी स्टॉक असेल तर हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं-आक्रसतं आणि स्क्रूचा ताण बदलतो. मग दुर्बिणीचे माउंट. मग पॅरलॅक्स: शंभर मीटरला बसवलेली दुर्बीण ५० वर वापरली आणि डोळा जरा हलला की काटा हलतो, आणि दोष बॅरलला.

माझ्याकडे "बॅरल गेलंय" म्हणून येणाऱ्या रायफलींत बॅरल गेलेलं मी फार क्वचित बघितलंय.

पाहुणा
.२२ चं ठीक आहे, मोठ्या काडतुसाचं काय? माझी .३०८ आहे, २६ इंच. तीही छान चालते आणि मलाही कापायचा मोह होतोय, फक्त वाहून नेताना अडचण होते म्हणून.

कातारी
@पाहुणा, तुमचं कारण मला जास्त पटतं. झाडीत २६ इंच अडकतात हे खरं दुखणं आहे, त्यासाठी कापणं समजतं. इंचामागे साधारण सहा ते दहा मी/से वेग जाईल, भडका आणि आवाज वाढेल. अचूकता तशीच राहण्याची शक्यता चांगली, कारण मोठ्या काडतुसाच्या तांब्याच्या कवचाच्या गोळीला चोकचं फारसं पडलेलं नसतं. फक्त चेंबरच्या बाजूने काम काढू नका. तिथे हेडस्पेस (काडतूस बसायची मोजकी जागा) आला, दाब आला, आणि सी.आय.पी. (बंदुकांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय नियम) पाळणाऱ्या देशांत असं काम केल्यावर रायफल पुन्हा प्रूफला (दाबाच्या चाचणीला) पाठवावी लागते.

दुसरीनळी
उशिरा आलो. कुणीच सुचवलं नाही म्हणून: प्रयोगच करायचाय तर वेगळं बॅरल घ्या. सीझेड ४५७ सारख्या रायफलींत बॅरल दोन-तीन स्क्रूंवर निघतं, रुगर १०/२२ तही व्ही-ब्लॉकच्या दोन स्क्रूंवर. धागाकर्त्याची तशी असेल तर मूळ बॅरल तेल लावून ठेवून द्या आणि दुसऱ्यावर हौस भागवा. हात शिवशिवतात त्याला इलाज नाही, पण शिवशिवणाऱ्या हातांना चांगलं बॅरल देऊ नये. दुसऱ्या बॅरलची नोंद वेगळी करावी लागते का, तेवढं बघा.

बदलहौशी
हे मात्र पटलं. आणि ट्यूनर? तोंडावर चिमट्याने बसतो, काढता येतो. वजन पुढे-मागे करून नळीची थरथर जुळवता येते.

दशांश
जुळवता येते की नाही यावर वेगळा धागा होईल, आणि त्यात भांडण होईल. एकच विनंती. प्रत्येक खुणेवर एकेक ग्रुप मारून "सातव्या खुणेवर ९ मिमी आला" असं ठरवू नका. पंचवीस खुणांवर पंचवीस ग्रुप मारले तर एखादा ९ चा येणारच, ट्यूनर घरी ठेवला असता तरी.

नवापल्ला
मंडळी, उत्तरं द्यायला उशीर झाला. मधल्या काळात चाचण्या केल्या.

चांदणी बघितली. सहा पाकळ्या, सगळ्या सारख्या. कापूस कुठेही अडकला नाही. शिशाच्या गोळीचं काम कातारी साहेबांनी सांगितलं तसंच केलं. मधे सगळं एकसारखं, आणि तोंडापासून दीडेक इंचावर रॉड स्पष्ट जड झाला. पुन्हा करून बघितलं, तिथेच. म्हणजे मी जे चार इंच कापायला निघालो होतो त्यातच चोक आहे.

तेव्हा कापणं रद्द. फ्लूटही रद्द, वजनाची मला अडचण नव्हतीच. ज्यांनी सल्ला दिला होता त्यांना हे सांगितलं तर एकाचं म्हणणं, "कापल्यावर दुसरा चोक पाडता येतो." यावर काय बोलणार!

आता गोळ्यांचे तीन-चार लॉट आणून बघतो. स्क्रूंचं मात्र विचारायचं होतं. बॅरल पुढे स्टॉकला टेकत नाही, कागदाची पट्टी चेंबरपर्यंत सरकते. स्क्रू मी नेहमी हातानेच आवळत आलोय. टॉर्क रेंच घ्यावा का, की अंदाजाने चालतं?

शांतश्वास
घ्या. आणि लॉट बघताना लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नका. आधीच्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत नळी वेगळी मारते.

कातारी
अंदाजाने नको. आकडा तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत असेल, दुसऱ्या मॉडेलचा आकडा उसना घेऊ नका. रेंच मात्र छोटा, गनस्मिथवाला घ्या. गॅरेजमधला मोटारींचा आणू नका. स्टॉकच्या स्क्रूंना सहसा दोन ते सात न्यूटन-मीटर लागतात, आणि मोटारींच्या रेंचची खूणच बहुतेक वेळा त्याच्या वर कुठेतरी सुरू होते. आवळताना रायफल उभी धरा, बूड जमिनीला, म्हणजे अॅक्शन (बॅरल मागून धरणारा भाग) मागे रिकॉइल लगला (धक्का झेलणाऱ्या अडथळ्याला) टेकून बसेल. आधी दोन्ही स्क्रू हलके, मग पुढचा पूर्ण, मग मागचा.